ज्येष्ठता यादी

विनिपेगमधल्या कारखान्यात
एकोणीस वर्षं मी बसची आसनं शिवली.
आता घरात अशी एकही खुर्ची नाही
जिच्यावर वीस मिनिटांवर टेकता येईल.
फॉर्मवर हे लिहायला जागा नव्हती,
नुसत्या चौकटी :
बसणे, मिनिटे. उभे राहणे, मिनिटे. उचलणे, किलो.
मी ओव्हनचं घड्याळ लावून
स्वतःला मोजत राहिले
आणि बटाट्यांची पिशवी उचलून, टाकून.

चांगल्या दिवसाचं लिहू की वाईट?
विमा कंपनीच्या बाईंना फोनवर विचारलं.
म्हणाल्या, सरासरी लिहा.
मंगळवारी मी दोनदा जिना चढले,
बुधवारी पायात मोजा चढवता आला नाही.
सरासरी काय धरू?
एक जिना, अर्धा मोजा?

युनियनचा डेस्मंड फ्लेट येतो.
दाराशी बूट काढतो, त्यांच्याखाली बर्फाचं तळं होतं.
मीठदाणी उचलून माझ्यासमोर ठेवतो,
मिरपूड जरा लांब.
ही तुझी नोकरी, तो म्हणतो, आणि हे तुझे पैसे.
नोकरी कारखान्याच्या हातात, पैसे विमेवाल्यांच्या.
एकाने हात सोडला
म्हणून दुसऱ्याने सोडायचा नसतो.
मग साखरेचा डबा ओढतो :
हा दातांचा विमा. याचे चौऱ्याऐंशी डॉलर
दर महिन्याला तूच भरायचेस, ओरिसिया,
चुकलीस की गेला.
तो गेल्यावर रात्रीपर्यंत
मी मिठाला हात लावत नाही.

दोन वर्षं त्यांच्या पत्रात शब्द होता
'आपलं काम'.
आपलं काम जमत नाही ना, मग घ्या पैसे.
तिसरं वर्ष लागलं आणि शब्द बदलला :
'कोणतंही काम'.
खरं तर बदलला नव्हता, पॉलिसीच्या अकराव्या पानावर
पहिल्या दिवसापासून दबा धरून बसला होता.
पार्किंगच्या काचेच्या खोलीत
तिकिटं द्यायला मी पात्र आहे म्हणे.
बसून.

माझं काम कोणतंही नव्हतं हो.
निळं जाड कापड, दुहेरी टीप,
कोपऱ्यावर सुई रुतलेलीच ठेवायची
आणि सगळं आसन तिच्याभोवती फिरवायचं.
हे शिकायला मला दोन हिवाळे लागले.
हे शहर रोज सकाळी
माझ्या टाक्यांवर बसून कामाला जातं.

डॉक्टर पेन्नर अपिलासाठी तिसरा दाखला लिहितात.
गल्लीत एक करडी गाडी उभी असते.
असेल कुणाच्या पाहुण्याची.
तरी कचऱ्याचा डबा ओढताना मी लंगडते,
आणि खरं लंगडणं कुठे संपतं,
दाखवायचं कुठे सुरू होतं,
हे आता मलाच नीट सांगता येत नाही.

जानेवारीत, उणे एकतीसमध्ये,
दाखला द्यायला कारखान्यात गेले.
लॉकरला माझंच कुलूप होतं.
फळ्यावर ज्येष्ठता यादी.
मी पडले तेव्हा एक्केचाळिसावी होते.
फुर्तादो निवृत्त झाला, ग्वेन गेली,
लिगाया मुलीकडे कॅल्गरीला.
आता मी अठ्ठाविसावी.
झोपून झोपून तेरा पायऱ्या चढले.
दिवसपाळी मागता आली असती,
उन्हाळ्यात सलग तीन आठवडे सुट्टी.

माझ्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने
बारीकसं प्रश्नचिन्ह काढलेलं.
रागाने नसेल. मोजत असेल कुणी
आपला नंबर कधी लागतो ते.
मीही मोजायचे.

आतल्या यंत्रांचा आवाज पायातून वर येत होता.
अंगठ्याला थुंकी लावून मी ते चिन्ह घासलं.
शिसं पसरलं,
'कोवालिशिन'मधला शेवटचा 'न' काळा झाला,
कागदाची साल निघाली.
अजून चौदा मिनिटं उभं राहता येणार होतं.
त्यातली चार मी तिथेच घालवली.